बालकांतील जन्मजात प्रजननदोष आणि वेळीच तपासणीचा प्रश्न

ब्रिटनमध्ये जन्मलेल्या प्रत्येक अर्भकाची जन्मानंतर ७२ तासांच्या आत, आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, एक ठरीव शारीरिक तपासणी करण्याचा शिरस्ता आहे. आणि तीत डोळे, हृदय व खुब्याचे सांधे यांच्या बरोबरीने मुलग्यांच्या वृषणांची तपासणी हे चौथे कलम म्हणून नमूद केलेले असते. आपल्याकडे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे, जे त्या वेळी ठाणे जिल्ह्यात मोडत होते, ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, त्याच्या तीस विकारांच्या यादीत जन्मजात दोषांची संख्या नऊ आहे : मज्जारज्जूचे दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडी पावले, खुब्याच्या सांध्याची सदोष वाढ, जन्मजात मोतीबिंदू, जन्मजात बहिरेपणा, हृदयाचे जन्मजात विकार आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या दृष्टिपटलाचा विकार. यांतील प्रत्येक दोष त्या यादीत असण्यास पात्र आहे, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या अवयवांवर पुढे त्या बालकाचे वयात येणे, त्याला अपत्य होणे आणि क्वचित प्रसंगी त्याचे जिवंत राहणेही अवलंबून असते, त्या जननेंद्रियांचा एकही दोष या नवांत नाही. किशोरवयीन मुलींना मात्र पाळी येण्यास विलंब झाला आहे काय, हा प्रश्न त्याच कार्यक्रमात विचारला जातो. म्हणजे जे पहिल्या आठवड्यात डोळ्यांना दिसू शकले असते, त्यातील काहींची विचारपूस चौदाव्या वर्षी होते.

या दोषांपैकी बहुतेक ओळखण्यास मोठे यंत्र लागत नाही. उबदार हात, पुरेसा उजेड आणि लंगोट सोडून पाहण्याची शिस्त एवढ्यावर त्यांतील बराच भाग उघड होतो. आणि तरीही हे दोष वर्षानुवर्षे दडून राहतात, याचे कारण ज्ञानाच्या अभावापेक्षा आपल्या संकोचात व सरकारी कामाच्या मांडणीत अधिक आहे, असे माझे मत आहे. ज्या दोषाने मूल रडत नाही, ज्याच्यामुळे ते चालायचे किंवा बोलायचे थांबत नाही, आणि ज्याचा परिणाम वीस वर्षांनी, बहुधा लग्नानंतर, दिसावयाचा असतो, तो दोष कोणाच्याच निकडीच्या कामात बसत नाही. सुइणीने सांगितले नाही, डॉक्टरांनी विचारले नाही, आईला शंका आली तरी सासूपुढे बोलण्याचे धैर्य झाले नाही, अशा क्रमाने काळ निघून जातो; आणि या विषयात तर काळ हीच मुख्य गोष्ट आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मुलग्यांतील सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे वृषण अंडकोशात न उतरणे. गर्भावस्थेत वृषण पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी, तयार होतात आणि शेवटच्या काही महिन्यांत जांघेतील मार्गाने खाली येऊन अंडकोशात स्थिरावतात. त्यांना वाट दाखवणाऱ्या स्नायुतंतूंच्या दोरीचे वर्णन जॉन हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७६२ साली केले, आणि त्यानेच तिला दिलेल्या नावाने ती आजही ओळखली जाते. पूर्ण दिवसांच्या मुलग्यांत शेकडा सुमारे ३ जणांचे एक किंवा दोन्ही वृषण जन्मतः खाली नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बालकांत हे प्रमाण शेकडा ३० पर्यंत जाते. त्यांतील पुष्कळांचे वृषण पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात, आणि वर्षाअखेर शेकडा एकाच्या आसपास मुलगे तसेच उरतात. देशादेशांतील फरकही लक्षणीय आहे : एकाच पद्धतीने केलेल्या पाहणीत डेन्मार्कमध्ये जन्मतः शेकडा ९ आणि फिनलंडमध्ये शेकडा २.४ असे प्रमाण आढळले होते, आणि त्यावरून वातावरणातील रसायनांच्या गर्भावरील परिणामांची जी चर्चा सुरू झाली, ती अद्याप संपलेली नाही.

सहा महिने ही यातील निर्णायक मर्यादा होय. सहा महिन्यांनंतर वृषण आपोआप उतरण्याची आशा जवळजवळ उरत नाही. उलट नेमक्या याच काळात वृषणातील मूळ बीजपेशींचे पुढील अवस्थेत रूपांतर व्हावयाचे असते, आणि शरीराच्या इतर भागापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड असलेल्या अंडकोशाऐवजी ते वृषण पोटाच्या उष्णतेत राहिले, तर हे रूपांतर बिघडून त्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होऊ लागतात. म्हणून सहा महिने पुरे होताच मूल बालशल्यविशारदाकडे पाठवावे आणि शस्त्रक्रिया वर्षाच्या आत, फार तर दीड वर्षाच्या आत, उरकावी, अशी आजची सर्वमान्य शिफारस आहे. उशिराचा दुसरा परिणाम कर्करोगाचा. स्वीडनमध्ये वृषण खाली आणण्याची शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांच्या नोंदी तपासून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तेरा वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत वृषणाच्या कर्करोगाचा धोका सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट, तर त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून अधिक होता. हा कर्करोग मुळात विरळा आहे, हे जमेस धरूनही या दोन आकड्यांतील अंतर दुर्लक्षिण्याजोगे नाही. याशिवाय अशा वृषणाला पीळ पडण्याची भीती असते, आणि त्याच्या सोबत बहुधा अंतर्गळाची पिशवीही उघडी राहिलेली असते.

ही तपासणी कशी करावी, हे थोडे तपशिलाने सांगणे अवश्य आहे, कारण घाईने केलेली तपासणी न केल्यासारखीच असते. खोली गार नसावी, तपासणाऱ्याने हात चोळून ऊन करावेत. तान्हे मूल आईच्या मांडीवर निवांत असावे आणि थोडे मोठे असल्यास त्याला मांडी घालून बसवावे. प्रथम न स्पर्शता अंडकोश पाहावा : ज्या बाजूला वृषण कधी उतरलेच नाही, त्या बाजूची पिशवी लहान, सपाट व सुरकुत्या नसलेली दिसते. मग एका हाताची बोटे कमरेच्या हाडाच्या आतील कडेपासून जांघेवरून हलक्या दाबाने खाली सरकवीत आणावीत, बोटांना थोडा साबण लावला तर त्वचेखालचे वृषण चटकन लागते, आणि ते लागताच दुसऱ्या हाताने धरून अंडकोशात आणावे. तेथे ते मिनिटभर धरून सोडल्यावर जागीच राहिले, तर ते केवळ स्नायूच्या आकुंचनाने वर जाणारे, म्हणजे निरोगी पण चंचल, वृषण समजावे. सुटल्याबरोबर झटकन वर गेले, तर ते खरोखरच न उतरलेले आहे. चंचल वृषणाला शस्त्रक्रिया लागत नाही, मात्र दरवर्षी फेरतपासणी लागते, कारण त्यांतील काही मुलांत शरीर वाढत असताना वृषण वर ओढले जाऊन तेथेच राहते. जन्माच्या वेळी सर्व ठीक होते या दाखल्यावर सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत विसंबणे यासाठीच धोक्याचे आहे.

या कामी आपल्या घरातील एक जुनी रीत फार उपयोगी पडते. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला येणारी बाई पाय पसरून बसते, बाळाला पायांवर घेते आणि कोमट पाणी घालते. त्या उष्णतेने स्नायू सैल पडून वृषण आपल्या स्वाभाविक जागी येतात, आणि दवाखान्याच्या गार टेबलावर जे दिसत नाही, ते न्हाणीत रोज दिसते. न्हाऊ घालताना दोन्ही गोट्या पिशवीत दिसतात का, हा प्रश्न अनुभवी डॉक्टर आईला किंवा आजीला विचारतात, तो यामुळेच. त्यांच्या या उत्तराचे मोल पुष्कळदा सोनोग्राफीच्या कागदाहून अधिक असते. हाताला न लागणारे वृषण पोटात आहे की मुळातच नाही, हे सोनोग्राफी खात्रीने सांगू शकत नाही. तरी आपल्याकडे शंका आली की प्रथम सोनोग्राफी, मग तिचा अहवाल अनिश्चित म्हणून दुसरी, आणि मधल्या काळात वृषण उतरविण्याच्या नावाखाली संप्रेरकाची इंजेक्शने, असा क्रम चालतो, ज्यात पैशाबरोबर मुलाचे मोलाचे महिनेही खर्ची पडतात. तज्ज्ञांच्या आजच्या शिफारशी या दोन्ही गोष्टींच्या विरुद्ध आहेत. योग्य वयात शस्त्रक्रिया होणारी मुले थोडी आणि शाळेत घातल्यावर, किंबहुना मिसरूड फुटल्यावर, येणारी पुष्कळ, ही आपल्या शल्यविभागांची जुनी तक्रार आहे.

दुसरा दोष मूत्रमार्गाच्या छिद्राचा. सुमारे २०० ते ३०० मुलग्यांमागे एकाचे छिद्र शिश्नाच्या टोकाशी नसून खालच्या अंगाला, कधी थेट अंडकोशाजवळ, असते. अग्रत्वचा वरच्या बाजूस टोपीसारखी जमलेली आणि खाली अपुरी असते, व शिश्न खाली वाकलेले असते. हा दोष सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान शस्त्रक्रियेने दुरुस्त करण्याचा प्रघात आहे, आणि त्या दुरुस्तीला लागणारी कातडी म्हणजे हीच अग्रत्वचा. म्हणून ज्या कुटुंबांत सुंता करण्याची चाल आहे, त्यांना आणि ती करणाऱ्यांना ही एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे की, छिद्र नेहमीच्या जागी नसलेल्या बालकाची सुंता शल्यविशारदाला विचारल्याखेरीज करू नये.

हे दोन दोष एकत्र आढळले, किंवा मुलगा म्हणून नोंदलेल्या बालकाचे दोन्ही वृषण हाताला लागलेच नाहीत, तर मात्र प्रश्नाचे स्वरूप पालटते आणि महिन्यांच्या जागी दिवसांचा हिशेब सुरू होतो. हे बालक मुळात मुलगी असून अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकाराने तिच्या बाह्य अवयवांना मुलग्याचे रूप आले असण्याचा संभव असतो. नेपल्स येथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी दे क्रेक्किओ याने १८६५ साली आयुष्यभर पुरुष म्हणून वावरलेल्या एका व्यक्तीच्या शवविच्छेदनात गर्भाशय, बीजांडकोश व अतिशय मोठ्या अधिवृक्क ग्रंथी पाहिल्या, तो याच विकाराचा आरंभीचा वृत्तान्त समजला जातो. या विकारात बहुधा २१-हायड्रॉक्सिलेज या विकराची उणीव असते. त्यामुळे कॉर्टिसोल आणि शरीरातील मीठ राखून ठेवणारे संप्रेरक तयार होत नाही, व त्यांचा कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. मुलीच्या बाबतीत निदान अवयवांच्या रूपावरून शंका तरी येते. मुलगा मात्र दिसायला निरोगी असतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याला उलट्या सुरू होतात, वजन वाढेनासे होते, तो मलूल पडतो, जुलाब-उलट्यांचे किंवा जंतुसंसर्गाचे औषध चालू राहते, आणि शरीरातील मीठ निघून गेल्याने तो दगावतो. पूर्वी रुग्णांच्या नोंदींत मुलींची संख्या मुलग्यांहून अधिक दिसे, ती मुलींना हा विकार अधिक होतो म्हणून नव्हे, तर निदानाविना गेलेले मुलगे कोणत्याच नोंदीत येत नसत म्हणून.

१९५० साली बाल्टिमोर येथे लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिसोन देऊन हा विकार आटोक्यात येतो हे दाखवून दिल्यापासून यावरील उपाय माहीत आहे, आणि तो भारी किंमतीचाही नाही : हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि तान्हेपणी दररोज एक-दोन ग्रॅम मीठ. वेळेवर ओळखण्याची युक्तीही हाती आली. रॉबर्ट गथ्री यांनी १९६० नंतरच्या काळात टाचेतील रक्ताचे थेंब टिपकागदावर वाळवून दुसऱ्या एका विकाराची तपासणी रूढ केली होती. त्याच कागदावर या विकाराचा निदर्शक पदार्थ मोजण्याची पद्धती १९७७ साली प्रसिद्ध झाली. आज अमेरिकेत, जपानमध्ये, स्वीडनमध्ये प्रत्येक नवजात बालकाची अशी तपासणी होते. ब्रिटनने मात्र ती अद्याप आपल्या राष्ट्रीय तपासणीत घेतलेली नाही, आणि यावरून संपन्न देशांतही या प्रश्नाचा निकाल एकमुखी लागलेला नाही, हे ध्यानी येईल. मतभेदाचे कारण खोट्या धोक्याच्या सूचनांत आहे. स्वीडनमध्ये २६ वर्षांत सुमारे २७ लाख बालकांची तपासणी झाली, तीत पूर्ण दिवसांच्या ज्या बालकांचा अहवाल संशयास्पद आला, त्यांपैकी चारांत एकालाच खरोखर विकार होता; अपुऱ्या दिवसांच्या बालकांत तर हे प्रमाण शंभरात एक-दोन एवढेच भरले. आईबापांना विनाकारण घोर लागणे हा लहान अपाय नव्हे.

तथापि आपल्या देशाच्या बाबतीत तराजूचे पारडे तपासणीच्या बाजूला झुकते, असे मला वाटते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता व हैदराबाद येथे एक लाखाहून अधिक नवजात बालकांची पाहणी केली, तीत सुमारे ५,८०० बालकांमागे एक असे या विकाराचे प्रमाण आढळले. जगभर साधारणतः १५,००० मागे एक असे जे मानले जाते, त्याच्या हे अडीचपट होते. हा विकार आईबाप दोघांकडून सुप्त दोष आला तरच प्रकट होतो, आणि नात्यातील विवाहांनी, दक्षिण महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्न करण्याची जी चाल आहे तीही त्यात आली, तसे घडण्याची शक्यता वाढते. गोव्याच्या शासनाने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात बालकांची रक्ततपासणी सुरू करून या बाबतीत पुढाकार घेतला होता. सर्वत्र एकदम ते करणे शक्य नसेल, तर निदान ज्या कुटुंबात पूर्वी एखादे मूल पहिल्या महिन्यात अकारण दगावले आहे, जेथे आईबापांचे रक्ताचे नाते आहे, आणि ज्या बालकाचे वृषण हाताला लागत नाहीत, तेथे ही तपासणी सक्तीची असावी. आणि ती करताना फ्लुड्रोकॉर्टिसोन तालुक्याच्या गावी मिळण्याची तजवीजही करावी, कारण निदान हाती आणि औषध दोनशे मैलांवर, ही स्थिती कोणत्याही आईवर आणू नये.

मुलींच्या दोषांकडे वळल्यावर अडचण वाढते, कारण त्यांचे बरेच अवयव आत असतात आणि जे बाहेर आहेत, त्यांकडे पाहण्यास तपासणारेही कचरतात. योनिपटलाला छिद्र नसणे हा त्यांतील साधा दोष, जो हजार-दोन हजार मुलींमागे एकीत असतो. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आईच्या संप्रेरकांच्या प्रभावाने योनिमार्गात स्राव साचतो, आणि तो बाहेर पडू न शकल्याने तेथे फुगवटा दिसतो. पाहणाऱ्याने दोन बोटांनी कडा अलग करून पाहिले, तर निदान त्याच क्षणी होते. तो प्रभाव ओसरला की फुगवटा नाहीसा होतो आणि दोष पुन्हा डोके वर काढतो तो ऋतुप्राप्तीच्या वेळी : मुलीला दर महिन्याला पोटात कळा येतात, पाळी मात्र दिसत नाही, जंताचे औषध होते, आंत्रपुच्छाची शंका घेतली जाते, शाळा बुडते, लघवी तुंबते, आणि शेवटी पोटात साचलेल्या रक्ताची गाठ हाताला लागते. लहानशा छेदाने हे सारे दूर होते. याच ठिकाणी एका उलट चुकीचाही उल्लेख केला पाहिजे. दोन-तीन वर्षांच्या मुलींत बाह्य ओष्ठांच्या आतील पाळ्या एकमेकींना चिकटतात आणि योनीचे द्वार नाहीच असे वाटून घरात आकांत होतो; हा दोष जन्मजात नसतो, बहुधा आपोआप सुटतो, आणि त्याला जबरदस्तीने ओढून मोकळे करणे क्रूरपणाचे व निरर्थक आहे.

गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग मुळातच न बनणे, हा चार-पाच हजार मुलींमागे एकीत आढळणारा दोष बाहेरून दिसत नाही. पण त्यांतील बऱ्याच मुलींचे एक मूत्रपिंडही नसते किंवा जागेवर नसते, आणि ते गर्भावस्थेतील सोनोग्राफीत आधीच दिसलेले असते. अशा मुलीचे गर्भाशय जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सोनोग्राफीने पाहून घ्यावे, कारण त्या वेळी ते आईच्या संप्रेरकांनी ठळक असते आणि पुढे आक्रसते. मुलीला जांघेत अंतर्गळ असला, आणि त्यात गोळीसारखे काही लागले, तर ते वृषण असू शकते. दिसण्यात संपूर्ण मुलगी असलेल्या पण पुरुषी गुणसूत्रे असलेल्या, पुरुषी संप्रेरकाला शरीर दादच देत नाही अशा व्यक्ती अंतर्गळ असलेल्या मुलींत शेकडा एक-दोन असतात. पावलांच्या पाठीवर सूज, मानेवर सैल कातडी, आणि पुढे खुंटलेली उंची या खुणा टर्नर सिंड्रोमच्या. सुमारे २,५०० मुलींमागे एकीत एक गुणसूत्र कमी असल्याने हा विकार होतो, आणि तो लवकर कळला तर हृदयाची तपासणी, उंचीसाठी उपचार व योग्य वेळी वयात आणणारी संप्रेरके, हे सर्व देता येते. मुलग्यांतील क्लाइनफेल्टर सिंड्रोम याहून अधिक आढळतो, परंतु बालपणी त्याची ठळक बाह्य खूण नसल्याने त्याचा विचार येथे लांबवीत नाही.

मुलग्यांच्या बाबतीतही निसर्गाने अशीच एक मुदत घालून दिलेली आहे. पहिल्या ते सहाव्या महिन्यापर्यंत मेंदूकडून जननग्रंथींना थोड्या काळासाठी जाग येते आणि रक्तातील पुरुषी संप्रेरक वाढते, मग तारुण्यापर्यंत सारे शांत होते. ताणून मोजलेली लांबी अडीच सेंटिमीटरहून कमी असलेले शिश्न, किंवा हाताला न लागणारे वृषण, यांचे कारण ग्रंथींत आहे की मेंदूत, हे या काळात रक्ताच्या एका नमुन्यावरून कळू शकते. हे महिने गेल्यावर तेच जाणण्यासाठी इंजेक्शनांच्या चाचण्या किंवा दहा-बारा वर्षांची प्रतीक्षा.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन व युंग्नर यांनी १९६८ साली तपासणीची जी दहा तत्त्वे मांडली, त्यांत विकाराला मान्य उपचार असावा आणि कोणाला रुग्ण म्हणून उपचार द्यावयाचे याचे धोरण आधी ठरलेले असावे, या दोन कलमांना येथे फार महत्त्व आहे. ज्यांचे लिंग जन्मतः संदिग्ध दिसते, अशा बालकांवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तान्हेपणीच शस्त्रक्रिया करून त्यांना एका साच्यात बसविण्याची पद्धत जगभर होती. त्यांतील अनेकांनी मोठेपणी आपल्या वेदनेची व फसवणुकीच्या भावनेची जाहीर वाच्यता केली. २००५ साली शिकागो येथील परिषदेत तज्ज्ञांनी सावधगिरीचे व कुटुंबाला पूर्ण माहिती देण्याचे धोरण मांडले. माल्टाने २०१५ साली अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना कायद्याने बंदी केली. आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या निर्णयानंतर तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असल्याचा प्रसंग वगळून, तान्ह्या व लहान मुलांवरील अशा शस्त्रक्रियांना मनाई करणारा हुकूम काढला. हा भेद तपासणाऱ्यांच्या मनात स्वच्छ असला पाहिजे : वृषण खाली आणणे, साचलेल्या रक्ताला वाट करून देणे, मिठाअभावी मरणारे मूल वाचवणे, यांत दिरंगाई हा गुन्हा होय, पण केवळ अवयव इतरांसारखा दिसावा म्हणून मुलाच्या संमतीवाचून सुरी चालवणे हा त्याहून मोठा अपराध आहे. लवकर ओळखणे याचा अर्थ लवकर कापणे असा घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी करून घेतला, तर तपासणी न झालेली बरी.

अशा घरावर पहिल्या दोन आठवड्यांत जो ताण येतो, तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तो विसरता येत नाही. मुलगा की मुलगी, हा प्रश्न दारात येणारा प्रत्येक माणूस विचारतो. बाराव्या दिवशी बारसे ठरलेले असते. १९६९ च्या अधिनियमानुसार जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. आणि गुणसूत्रांचा अहवाल तर तेवढ्या अवधीत हाती येईलच असे नाही. येथे डॉक्टरांनी घाईने अंदाज सांगू नये. तपासणी पुरी होईपर्यंत सांगता येत नाही, बाळ धडधाकट आहे, बारसे पुढे ढकला, असे त्यांनी स्वतः आजी-आजोबांना बसवून समजावले, तर आईवरचा अर्धा भार उतरतो. मुलीचे अवयव थोडे निराळे दिसतात म्हणून तिला मुलगा ठरवून टाकण्याचा मोह आपल्या समाजात प्रबळ आहे; ज्या समाजाला गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला, आणि तो महाराष्ट्राने १९८८ साली देशात सर्वांआधी केला, त्याने या मोहाचे मूळ कोठे आहे ते ओळखून असावे.

आता व्यवस्थेचा प्रश्न. नवी माणसे नेमल्याशिवाय हे काम होणार नाही, असे म्हणता येत नाही, कारण मुलाची आणि आरोग्यसेविकेची गाठ पहिल्या दीड वर्षात अनेकदा पडतच असते. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची जी सेवा उभी केली, आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत जिच्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, तिच्यावरच आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींची देशव्यापी योजना आधारलेली आहे. या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी होतात; पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात पुन्हा होतात. सहाव्या महिन्याची भेट वृषणांच्या बाबतीत नेमकी निर्णयाच्या वेळी येते, हा योगायोग वाया घालवण्यासारखा नाही. आशाने निदान करावे अशी अपेक्षा नाही. तिने आईला न्हाणीतला तो एक प्रश्न विचारावा, लघवी कोठून व कशी होते हे विचारावे, मुलीच्या लंगोटाखाली आईने कधी काही निराळे पाहिले आहे काय हे हलक्या आवाजात विचारावे, आणि होकार आल्यास नोंदवहीत लिहून पुढे पाठवावे.

अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकांत एक पुरुष व एक स्त्री डॉक्टर असतात, ही मांडणी या कामाला अनुकूल आहे. अडचण आहे ती ओसरीवर रांगेत उभ्या केलेल्या तीस मुलांची. रांगेत चड्डी सोडायला लावणे हा मुलाचा अपमान आहे आणि त्याने तपासणीही नीट होत नाही. एक पडदा, आईची किंवा तिने पाठवलेल्या वडीलधाऱ्या बाईची उपस्थिती, मुलाला आधी सांगून व विचारून केलेला स्पर्श, एवढे तरी असलेच पाहिजे, आणि जेथे ते जमणार नाही, तेथे ही तपासणी लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात करावी. पुढचा अडसर अंतराचा. बालशल्यविशारद व तान्ह्या मुलाला भूल देऊ शकणारे डॉक्टर मुख्यत्वे मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत आहेत. बीडहून ऊसतोडीला गेलेल्या आईच्या हातातील चिठ्ठीवरची तारीख ती कारखान्याच्या तळावर असतानाच उलटून जाते. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी असे शल्यविशारद येतील आणि ऊसतोडीच्या हंगामाआधी, पावसाळ्यात, या शस्त्रक्रिया उरकतील, असा बंदोबस्त करणे खर्चाच्या मानाने अवघड नाही.

राहिला प्रश्न कागदांचा आणि सांगण्याचा. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या मुलाला त्याची आठवण असत नाही. पण तारुण्यात त्याने स्वतःचे वृषण महिन्यातून एकदा चाचपून पाहावेत, हे त्याला कोणीतरी शिकवावे लागते. अधिवृक्क विकाराच्या मुलीला जन्मभर औषध घ्यावे लागते, ताप आला की मात्रा वाढवावी लागते, आणि अपघातानंतर बेशुद्ध आणलेल्या स्थितीतही डॉक्टरांना ते कळेल अशी चिठ्ठी तिच्याजवळ असावी लागते. पुरुषी गुणसूत्रे असलेल्या मुलींना त्यांचे निदान मोठेपणीही न सांगण्याचा प्रघात पूर्वी डॉक्टरांत होता, आणि कित्येकींना ते आपल्याच जुन्या कागदांतून कळले. आज वयाला पेलेल तेवढे, टप्प्याटप्प्याने, आईबापांच्या समक्ष सांगावे असा दंडक आहे. आपल्याकडे मुलांच्या रुग्णालयाचा दरवाजा ठरावीक वयानंतर बंद होतो आणि मोठ्यांच्या दवाखान्यात या विकारांचा अनुभव असलेले थोडे. तेव्हा निदान, शस्त्रक्रियेचा तपशील, गुणसूत्रांचा अहवाल आणि चालू औषधे यांची एक प्रत माता-बाल संरक्षण कार्डाला जोडून आईच्या हवाली करावी, आणि अठराव्या वर्षी ती तिने मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तिला सांगून ठेवले पाहिजे.